आवाज न झालेला ठोसा

दुसऱ्या फेरीची घंटा वाजली आणि मी चिठ्ठीवर लाल कोपऱ्याला १०, निळ्याला ९ लिहून मोकळी झाले. मनात शंका नव्हती. सतरा वर्षांखालच्या मुलांची बॉक्सिंगची लढत, वजन ५० किलोच्या आत, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. लाल कोपऱ्यातला मुलगा उंच, हातानं लांब. त्याचे जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, निळ्याच्या हेडगार्डवर टपटप पडत होते आणि प्रत्येक जॅबला त्याच्या शाळेची पोरं बाकावर उभी राहून ओरडत होती. अकोल्यातला सप्टेंबर, पत्र्याचं छत, वर पाऊस. एका जागी छत गळत होतं, तिथे कुणीतरी बादली आणून ठेवली होती. ओल्या सतरंजीचा आणि घामेजल्या ग्लोव्हजचा वास हॉलभर कोंडला होता. त्या फेरीत निळ्यानं एकदा आत शिरून खाली काहीतरी मारलं, दोघं क्षणभर एकमेकांना चिकटले, रेफ्री ‘ब्रेक’ म्हणाला, पुन्हा खेळ सुरू झाला. मला दिसलं ते एवढंच. आम्हा पाच पंचांचा निकाल ३-२ लागला, लालच्या बाजूनं. त्या तीन चिठ्ठ्यांतली एक माझी होती.

आमच्याकडे घंटेवर एक काका बसतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नाक किंचित डावीकडे वळलेलं, उजव्या भुवईवर जुन्या टाक्यांची पांढरी रेघ. निकालात त्यांचं मत कुणी विचारत नाही. घड्याळ बघायचं आणि घंटा वाजवायची, एवढंच त्यांचं काम. जेवणाच्या सुट्टीत ते चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी सहज, गावाकडची चौकशी करावी तसं विचारलं, “मॅडम, तुम्ही कधी पोटात खाल्ला काय?”

मी म्हटलं, “नाही काका.”

“हं,” ते म्हणाले. “त्या लाल पोराचा मागचा पाय पाहाले पाहिजे होता. मेला होता त्याचा पाय. बाकीची फेरी त्यानं नुसती पळून काढली.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कप खाली ठेवून ते पुन्हा घंटेकडे गेले. माझ्या हातातला आलूबोंडा तसाच राहिला.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मी काही बॉक्सर नव्हे. मी बँकेत काम करते. मुलगी अकरा वर्षांची असताना तिला बॉक्सिंगला घातलं, कारण ती चिडली की भिंतीवर मुठी आपटायची आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, हिला कुठेतरी नेऊन घाला. अकोल्यात बॉक्सिंग काही नवलाचं नाही. क्रीडा प्रबोधिनीमुळे बारक्या बारक्या पोरांनाही जॅब आणि हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा, हे शब्द ठाऊक असतात. संध्याकाळी तिला सोडायचं आणि परत न्यायचं, मधले दोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचं. त्या खुर्चीवर मी नियमपुस्तक वाचायला लागले. स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स होती, कडा मऊ झालेल्या. फेरी कशी बघायची, त्याचे निकष त्यात तीन ओळींत दिलेले: लक्ष्यभागावर बसलेले दर्जेदार ठोसे किती, तंत्रात आणि डावपेचात वरचढ कोण, लढण्याची जिद्द कुणाची. कमरेच्या वरचं अंग आणि डोकं, समोरून आणि बाजूंनी, हा लक्ष्यभाग. मिटलेल्या मुठीच्या पुढच्या भागानं बसला तरच ठोसा, उघड्या ग्लोव्हची चापट धरायची नाही. मला हे फार आवडलं. भांडणासारख्या दिसणाऱ्या गोष्टीला इतका स्वच्छ हिशेब असू शकतो, याचं सुख वाटलं. रेफ्री-जजची परीक्षा दिली, लेखीत ५० पैकी ४७ मिळाले. मुलीनं आजीला फोन करून सांगितलं, “आई पंच झाली.”

मराठीत एकच शब्द आहे. मारतो तोही पंच, निवाडा करतो तोही पंच. मी यातल्या एकाच पंचाला ओळखत होते.

काकांचा प्रश्न जिव्हारी लागला त्याचं खरं कारण माझ्या नोकरीत आहे. मी बरीच वर्षं कॅश काउंटरवर काढली. खोटी नोट कशी ओळखावी याचे रिझर्व्ह बँकेचे तक्ते भिंतीवर लावलेले असत: जलचिन्ह, सुरक्षा धागा, उजेडात धरल्यावर जुळणारे आकडे. नवी मुलं कामाला लागली की तो तक्ता पाठ करायची आणि शंका आली की नोट ट्यूबलाइटसमोर धरायची. मला तसं करावं लागत नसे. बंडल मोजता मोजता बोटं थांबायची. कागद किंचित गुळगुळीत, किंचित मेलेला. डोळ्यांना कळायच्या आधी अंगठ्याला कळायचं. नव्या मुलांना सांगताना मी थोड्या अभिमानानंच म्हणायचे, “तक्ता राहू दे, आधी लाखभर नोटा हाताखालून जाऊ दे.” आणि तीच मी, रिंगच्या कडेला तक्ता पाठ करून बसले होते. माझ्यासमोर एका पोरानं एक खरी नोट ठेवली, आणि आवाज झाला नाही म्हणून मी ती बाजूला सारली.

त्यानंतरचे काही महिने मी रात्री जुन्या लढती बघण्यात घालवले. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमधली ७१ किलो गटाची अंतिम लढत कितीदा पाहिली असेल कोण जाणे. अमेरिकेचा रॉय जोन्स ज्युनियर आणि यजमान कोरियाचा पार्क सी-हुन. टीव्हीवाल्यांनी मोजलेले ठोसे जोन्सचे ८६, पार्कचे ३२, आणि निकाल ३-२ पार्ककडे. त्याच जोन्सला स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडक मिळाला. इथे पुस्तक मोठं की अनुभव, हा वादच उभा राहत नाही. माझ्या आजीला बसवलं असतं तरी तिनं बरोबर सांगितलं असतं. मला विचारात पाडलं ते पार्कनं. २०२३ मध्ये तो अमेरिकेत जोन्सच्या गावी गेला आणि ते सुवर्णपदक त्यानं जोन्सला देऊन टाकलं. मधे ३५ वर्षं गेली होती. कुणाला किती लागले याचा हिशेब ज्यांनी ठेवायचा त्यांनी काहीही ठेवला असेल, पण ज्याच्या अंगावर ते ८६ बसले त्याला तो आकडा कुणी सांगावा लागला नसणार.

सोलनंतर जगानं माणसाच्या मतावरचा विश्वास काढून घेतला आणि यंत्र आणलं. १९९२च्या बार्सिलोनापासून पंचांपुढे बटणं आली, लाल आणि निळं. पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तरच गुण. ऐकायला किती न्याय्य. पण रिंगच्या तीन-चार बाजूंना पंच बसलेले असतात. पोटात बसलेला आखूड हुक एका बाजूच्या पंचाला स्पष्ट दिसतो, समोरच्याला मुलाची नुसती पाठ दिसते, तिसऱ्याला रेफ्रीचा पांढरा शर्ट. एका सेकंदात तिघांचं बोट पडणार कसं? डोक्यावरचा लांब, सरळ, एकटा ठोसा मात्र सगळ्यांना दिसतो. मुलं शहाणी असतात, जे मोजलं जातं तेच मारायला शिकतात. अंगाला भिडून बरगड्यांखाली काम करणारे हात त्या वीस वर्षांत हौशी बॉक्सिंगमधून मागे पडत गेले, असं त्या काळी खेळलेली माणसं आजही हळहळून सांगतात. २०१३ पासून ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्येही फेरीला १० गुणांची पद्धत आली आणि निवाडा पुन्हा माणसाच्या नजरेवर येऊन पडला. म्हणजे माझ्यासारख्यांच्या नजरेवर.

आमच्याकडे तांबड्या मातीत निकाली कुस्ती लागते तेव्हा हा प्रश्नच येत नाही. पाठ टेकली की फडावरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं आणि फेटे हवेत उडतात. बॉक्सिंगमध्ये बहुतेक वेळा कुणी पडत नाही. जे झालं ते शरीराच्या आत झालेलं असतं आणि आपण बाहेर खुर्चीवर असतो.

शेवटी मी मुलीला म्हटलं, मला एक मार.

तिनं आधी ऐकूनच घेतलं नाही. मग तिच्या सरांनी, फक्त एकच आणि तोही अर्ध्या ताकदीनं, या अटीवर हो म्हटलं. एका रविवारी सकाळी, बाकीची पोरं यायच्या आधी, मी आयुष्यात पहिल्यांदा हातांना पट्ट्या गुंडाळून घेतल्या. तिनंच गुंडाळल्या, लहानपणी मी तिला मोजे चढवायचे त्याच सावधपणे. दातांवर बसवायच्या गमशील्डची रबरी चव जिभेवर बसली आणि उगाचच तोंडात पाणी सुटायला लागलं. “आई, हात वर. कोपर खाली. श्वास धरून ठेवू नको.” मी तिच्या हातांकडे बघत होते. तिनं उजवा खांदा हलवला, माझे हात तिकडे गेले, आणि उजव्या बरगड्यांच्या खाली काहीतरी येऊन टेकलं. टेकलं, असंच वाटलं. आवाज नाही. वेदनाही नाही. मी तिला म्हणणार होते, बस, एवढंच? ते वाक्य ओठापर्यंत आलं आणि मग पाय नाहीसे झाले. दुखलं नंतर. आधी पाय गेले. यकृताचं असंच असतं म्हणे. ठोसा आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये एक लहानशी रिकामी जागा असते. मी गुडघ्यांवर होते, फरशीच्या फटीतून मुंग्यांची ओळ चालली होती, मला श्वास बाहेर सोडता येत होता पण आत घेता येत नव्हता. ती रडवेली होऊन म्हणत होती, “आई, मी जोरात नाही गं मारला.”

ती रिकामी जागा कुठल्याही पुस्तकात नव्हती. काका त्याच जागेबद्दल बोलत होते. त्या पोरानं ठोसा खाल्ला, चिकटला, रेफ्रीनं सोडवलं, आणि मग, जेव्हा मी पुन्हा जॅब मोजायला लागले होते, तेव्हा त्याचे पाय गेले. मी ठोसा मारणाऱ्याच्या हातांकडे बघत होते. ज्यानं आयुष्यात ठोसे खाल्लेत तो माणूस खाणाऱ्याच्या पायांकडे बघत होता. दोघांची नजर एकाच रिंगवर आणि दोघांनी दोन वेगळ्या लढती पाहिल्या. नंतर मी २००४ ची हॉपकिन्स आणि ऑस्कर दे ला होया यांची लढत पुन्हा लावली. नववी फेरी, डावा हुक, बरगडीखाली. पूर्वी मला त्यात काही समजत नसे, दे ला होयासारखा एवढा मोठा बॉक्सर इतक्याशा ठोशानं कसा पडला आणि दहा मोजेपर्यंत का उठला नाही, असं वाटायचं. आता तो ठोसा बसताना माझा हात आपोआप उजव्या कुशीवर गेला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्यानंतर मी आधीपेक्षा वाईट पंच झाले. पुढच्या दोन स्पर्धांत मला पोटातल्या ठोशांशिवाय काही दिसेना. कुणी खाली मारलं की माझ्याच पोटात गोळा यायचा आणि पेन तिकडे झुकायचं. एका मुलीनं फेरीभर सुरेख, हलके, स्वच्छ जॅब मारले, तोल एकदाही सुटू दिला नाही, आणि मी ती फेरी तिच्या प्रतिस्पर्धी मुलीला दिली, कारण त्या मुलीचा एक हुक बरगडीला बसलेला मी पाहिला होता. बाकी चौघांनी जॅबवालीला दिली होती. घरी येऊन चित्रण पाहिलं. तो हुक कोपरावर बसला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण स्वतःचं एकदा जळालेलं असलं की जिकडेतिकडे धूर दिसायला लागतो, हे मला माहीत नव्हतं.

मग मी इतरांकडेही बघायला लागले. आमच्यात जुने बॉक्सर असलेले पंच आहेत. एकजण स्वतः मागे सरकत, थांबून, उलट मारणारा खेळाडू होता. त्याच्या चिठ्ठ्या बघितल्या तर थांबून मारणाऱ्या मुलाला संशयाचा फायदा नेहमी मिळतो. दुसरा पुढे घुसणारा होता, त्याला पुढे येणारा मुलगा आपोआप वरचढ वाटतो. दोघंही प्रामाणिक आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. त्यांना रिंगमध्ये स्वतःचं तरुणपण दिसतं. आणि दुसरीकडे अमेरिकेतला हॅरॉल्ड लेडरमन, ज्याच्या गुणपत्रिकेकडे एचबीओ या टीव्ही वाहिनीचे प्रेक्षक वर्षानुवर्षं कान लावून बसत, तो पेशानं फार्मासिस्ट होता. औषधाच्या दुकानातला माणूस. त्याचं नाव वाचलं तेव्हा मला माझ्या खुर्चीवर बसायला जरा धीर आला, हे कबूल करायला हवं.

टोकियो ऑलिम्पिकमधली मेरी कोमची शेवटची लढत आम्ही मायलेकींनी जमिनीवर बसून पाहिली होती, २०२१च्या जुलैमध्ये. समोर कोलंबियाची इंग्रिट वॅलेन्सिया. पहिल्या फेरीत पाचांपैकी चौघांनी वॅलेन्सियाला दिली, पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तिघा-तिघांनी मेरीला. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून मेरी ३-२ नं हरली, कारण बेरीज प्रत्येक पंचाची वेगळी होते. निकाल जाहीर झाला तरी आपणच जिंकलो असं तिला वाटत होतं. ते हसू मला बघवलं नव्हतं. सहा वेळा जगज्जेती झालेल्या बाईच्या अंगानं तिला एक सांगितलं आणि कागदानं दुसरं. पार्कच्या अंगानं त्याला खरं सांगितलं असं मी वर लिहिलं. मग मेरीच्या अंगानं काय सांगितलं? मुलगी त्या रात्री जेवली नाही. मला नियम पाठ होते, मी तिला बेरीज समजावून सांगत बसले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मला बेरीज कळते गं आई.”

नोटाबंदीचंही मला या दिवसांत फार आठवलं. २०१६ चा नोव्हेंबर. पाचशेची नवी नोट आली, आकार वेगळा, कागदाचा हाताला लागणारा पोत वेगळा. वर्षानुवर्षं कमावलेला माझा अंगठा एका रात्रीत मुका झाला. बाहेर रांग फाटकापर्यंत, आणि मी नव्या मुलांसारखी तक्त्याजवळ उभी राहून नोट उजेडात धरत होते. पुढे कधीतरी अंगठा पुन्हा बोलायला लागला. पण मधले काही महिने मला त्या भिंतीवरच्या कागदानंच सांभाळून नेलं.

आता यंदाचं. तोच हॉल, तेच गळकं छत, बादलीही बहुधा तीच. मुलींची लढत होती. शेवटच्या फेरीत निळ्या कोपऱ्यातली मुलगी वाकून आत गेली आणि तिचा डावा हात बरगडीखाली बसताना मला दिसला. आवाज झाला नाही. मी मारणारीवरून नजर काढली आणि लालच्या पायांकडे नेली. एक क्षण काही नाही. मग तिचा मागचा पाय सरकला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं. नंतरचे वीसेक सेकंद ती दोरीला धरून होती, तरी हात चालूच होते, बाकावर आरडाओरडा चालूच होता. मी निळ्याला १० लिहिले. बाकी चौघांनी ती फेरी लालला दिली, आणि लढतही लालकडे गेली. चिठ्ठ्या तपासणाऱ्या वरिष्ठांनी मला बाजूला बोलावून विचारलं, “ताई, तुम्हाला वेगळं काय दिसलं?” मी म्हटलं, “तिचा मागचा पाय.” त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

घंटेजवळ काका सामान आवरत होते. मला वाटलं होतं, निदान ते तरी हसून बघतील. मी विचारलं, “काका, तिसऱ्या फेरीत पाहिलं तुम्ही? लाल पोरीचा पाय?”

“पाह्यला ना,” ते म्हणाले. घड्याळ रुमालात गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवलं. “पण मॅडम, थो मारानं नाय गेला. पाणी होतं तिथं. कॉर्नरवाल्या पोरानं बाटली सांडली होती. म्या असतो त लाललेच देली असती.”

सगळे गेल्यावर मी चप्पल काढून रिंगमध्ये चढले. निळ्या कोपऱ्यापासून दोन पावलं, जिथे तिचा पाय सरकला होता, तिथे बसून कॅनव्हासवर हात फिरवला. कोरडं होतं. पण ती लढत होऊन तीन तास झाले होते, आणि वर पंखा चालू होता.